फॉरमॅट मारण्याआधी

महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याचा शेवटचा दिवस. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एखाद्या लहान कारखान्यात बिले, मालावर लावायची लेबले, कामगारांची हजेरी आणि बँकेचे व्यवहार हे सगळे बहुधा एकाच संगणकावर चालते. नेमक्या अशा दिवशी प्रिंट द्यावी, पडदा निळा व्हावा, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावा आणि तासाभराने पुन्हा तेच घडावे, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. दुरुस्ती करणाऱ्याला फोन जातो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते : “विंडोज करप्ट झालंय साहेब, फॉरमॅट मारून देतो.”

फॉरमॅट मारला की चार दिवस संगणक सुरळीत चालतो. मग प्रिंटर जोडला जातो, बोटांचे ठसे घेणारे यंत्र जोडले जाते, त्यांचे तेच जुने ड्रायव्हर त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून पुन्हा टाकले जातात आणि निळा पडदा परत येतो. मधल्या काळात हिशेबाचा बॅकअप अपुरा निघाला, तर वर्षभराची मेहनत हातची जाते.

या प्रकरणात सांगायचे आहे ते एवढेच : संगणक कोसळतो तेव्हा सहसा कारणाची नोंद मागे ठेवतो. ती नोंद वाचायला अभियंता असावे लागत नाही. फॉरमॅट मारल्याने ती पुसली जाते. म्हणून आधी नोंद वाचावी, मग उपाय ठरवावा.

पुठ्ठा, जॅकार्ड आणि माग

ड्रायव्हर म्हणजे काय, हे सोलापूरच्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण त्याच्या गावात जॅकार्डचे माग चालतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि चादरीवरची नक्षी जॅकार्डच्या साहाय्याने विणली जाते. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. तिच्यात नक्षी पुठ्ठ्यांवरच्या छिद्रांमध्ये लिहिलेली असते. जिथे छिद्र असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा तो धागा वर येतो. जिथे छिद्र नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग मधून बाणा जातो. पुढे याच छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. संगणकाच्या इतिहासात मागाला मानाचे स्थान आहे ते त्यामुळे.

पुठ्ठ्याला धागा कळत नाही आणि मागाला नक्षी कळत नाही. दोघांच्या मध्ये जॅकार्ड उभे असते आणि छिद्राचे रूपांतर धाग्याच्या हालचालीत करते. संगणकात हेच काम ड्रायव्हर करतो. बिलाचे सॉफ्टवेअर फक्त “हे पान छाप” एवढेच सांगते. प्रिंटरला मात्र कागद किती ओढायचा, कोणता ठिपका कुठे उमटवायचा, अशा त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या आज्ञा लागतात. एकीचे दुसरीत रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. प्रिंटर, कीबोर्ड, वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, आवाज, प्रत्येकाला तो लागतो. जॅकार्डचा एक हूक वाकला, तर पुठ्ठा निर्दोष असून आणि सूत चांगले असूनही नक्षी बिघडते. तसेच विंडोज चांगले असताना आणि प्रिंटर धडधाकट असताना मधला ड्रायव्हर सदोष असेल, तर काम बिघडते.

एकाच्या चुकीने सगळे का थांबते

बिलाचे सॉफ्टवेअर अडकले, तर तेवढीच खिडकी बंद पडते. बाकी संगणक चालू राहतो. ड्रायव्हर चुकला की मात्र सगळा संगणक कोसळतो. या फरकाचे मूळ प्रोसेसरच्या रचनेत आहे.

आजचे प्रोसेसर प्रोग्रामना वेगवेगळ्या अधिकारांच्या पातळ्यांवर चालवतात. आपण वापरतो ती सॉफ्टवेअर्स खालच्या पातळीवर असतात. प्रत्येकाला स्वतःच्या मेमरीचा तुकडा मिळतो आणि दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायची मुभा नसते. वरच्या पातळीवर असतो विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल. तिथे भिंती नसतात. मेमरी, डिस्क, प्रोसेसर सगळे खुले असते. यंत्राशी थेट आणि वेगाने बोलावे लागते म्हणून बरेचसे ड्रायव्हर याच गाभ्यात बसवलेले असतात. अशा ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर काही लिहिले, तर ते डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या भागावर लिहिले जाऊ शकते, किंवा दुसऱ्याच ड्रायव्हरच्या माहितीवर.

गाभ्यात असे काही विपरीत घडल्याचे लक्षात आले की विंडोज स्वतःहून थांबते. पुढे चालत राहिले, तर बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिली जाण्याचा धोका असतो. निळा पडदा हा तुमच्या फायली वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आहे. तो पाहून जीव दडपतो, पण तो न येता बिघडलेला संगणक तसाच चालत राहिला असता, तर नुकसान कितीतरी मोठे झाले असते.

ड्रायव्हरमध्ये चुका अधिक का राहतात, यालाही कारणे आहेत. विंडोजचा गाभा एक कंपनी लिहिते, ड्रायव्हर मात्र यंत्रे बनवणाऱ्या असंख्य कंपन्या लिहितात. यंत्राकडून सूचना कोणत्या क्षणी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे काही चुका दोन घटना एका विशिष्ट क्रमाने घडल्या तरच उघड होतात. प्रयोगशाळेत तो क्रम कधी जुळत नाही, दुकानात जुळतो. शिवाय कोणत्या संगणकात कोणती यंत्रे एकत्र येतील याला गणती नाही.

संशोधनही हेच सांगते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली मांडलेल्या निबंधात विंडोज एक्सपीच्या त्या काळात नोंदवलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्क्यांमागे ड्रायव्हर असल्याचा उल्लेख आहे. लिनक्सच्या गाभ्याची २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तपासणी झाली, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचे प्रमाण उरलेल्या गाभ्यापेक्षा तीनपासून सात पटींपर्यंत आढळले. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा नवे होते. त्या वर्षी नोंदवलेल्या व्हिस्टाच्या कोसळण्यांपैकी जवळपास २९ टक्के घटना एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरशी जोडल्या गेल्या होत्या. पुढे एका खटल्यात सादर झालेल्या कागदपत्रांतून हा आकडा बाहेर आला.

यावर उपाय शोधणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात टॉमस बॉल आणि श्रीराम राजामणी यांनी २००० च्या सुमारास एक पद्धत उभी केली. ड्रायव्हर प्रत्यक्ष न चालवता त्याचा मजकूर गणिती रीतीने तपासायचा आणि गाभ्याचे नियम तो कुठे मोडतो ते शोधायचे, असे तिचे स्वरूप होते. तिच्यातून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीचे अधिकृत तपासणी साधन तयार झाले. राजामणी पुढे बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे प्रमुख झाले. अशा प्रयत्नांमुळे आजचे संगणक एक्सपीच्या काळापेक्षा खूप कमी कोसळतात. तरीही ही चूक पूर्णपणे संपलेली नाही.

१९ जुलै २०२४

शुक्रवार होता. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल पाठवली. कंपनीचे सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसते आणि हल्ल्यांच्या नव्या खुणा अशा फायलींतून शिकते. त्या दिवशीच्या फाइलमुळे ड्रायव्हर एकविसावी नोंद वाचू पाहत होता, प्रत्यक्षात त्याच्या हाती वीसच नोंदी दिलेल्या होत्या. ड्रायव्हरने आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि विंडोज थांबले.

हा ड्रायव्हर संगणक सुरू होताना अगदी सुरुवातीलाच जागा होतो. त्यामुळे संगणक सुरू होई, कोसळे, पुन्हा सुरू होई, पुन्हा कोसळे. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले होते. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी होता. तरी विमानतळ, रुग्णालये, बँका अडकल्या. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले आणि इंडिगोने जवळपास २०० उड्डाणे रद्द केली. दहा बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की त्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची रीतसर डिजिटल सही होती. सहीमुळे ड्रायव्हर कोणाचा आहे आणि तो वाटेत बदललेला नाही, एवढी खात्री मिळते. तो कधीच चुकणार नाही अशी हमी त्यातून मिळत नाही. दुसरी गोष्ट उपायाची. लाखो संगणक ज्या रीतीने सुरू झाले, ती साधी होती : सेफ मोडमध्ये जा, ती एक फाइल काढून टाका, संगणक पुन्हा सुरू करा. दोषी फाइल नेमकी माहीत असल्यामुळे फॉरमॅटशिवाय काम भागले.

पडद्यावरचे शब्द वाचा

निळ्या पडद्याच्या तळाशी ‘स्टॉप कोड’ असतो. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हा पडदा काळा झाला आहे, पण कोड तिथेही असतो. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या सगळ्या तपासाची सुरुवात तिथून होते.

‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ असा कोड आला, तर एखाद्या ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला आहे. वाय-फाय आणि नेटवर्कचे ड्रायव्हर इथे वरचेवर सापडतात. ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ म्हणजे ग्राफिक्स कार्डने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही आणि त्याला पुन्हा उभे करण्याचा प्रयत्नही फसला. ही मुदत साधारणपणे दोन सेकंदांची असते. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ संगणक झोपवताना किंवा झोपेतून उठवताना येतो. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ म्हणजे एखादा ड्रायव्हर प्रोसेसरला प्रमाणाबाहेर अडवून बसला. ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ मात्र वेगळा आहे. तो बहुतेक वेळा प्रत्यक्ष यंत्रातल्या बिघाडाकडे बोट दाखवतो. तिथे ड्रायव्हर बदलत बसण्यात वेळ घालवू नये.

कधी कधी कोडच्या खाली फाइलचे नावही छापलेले असते. ‘एनव्ही’ने सुरू होणारे नाव बहुधा एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचे असते, ‘आयजीडी’ने सुरू होणारे इंटेलच्या ग्राफिक्सचे. शेवटी ‘एसवायएस’ असलेले असे नाव मिळाले, तर अर्धा तपास संपला.

नोंदी कुठे सापडतात

पडदा वाचायच्या आतच संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा तसाच थांबून राहील.

त्यानंतर पाहायचा तो रिलायबिलिटी मॉनिटर. स्टार्ट मेनूच्या शोधचौकटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द इंग्रजीत टाइप केला की तो समोर येतो. त्यात दिवसांचा तक्ता असतो. कोणत्या दिवशी संगणक कोसळला ते लाल फुलीने दिसते आणि त्याच्या आसपास कोणते सॉफ्टवेअर, कोणता ड्रायव्हर, कोणते अपडेट बसवले गेले तेही दिसते. सामान्य वापरणाऱ्यासाठी याहून उपयोगी साधन विंडोजमध्ये नाही, आणि तरीही फार थोडे लोक ते उघडतात. पहिली लाल फुली आणि तिच्या आधीचा बदल हे दोन्ही कागदावर लिहून घ्या.

तिसरी नोंद म्हणजे मिनीडंप. कोसळण्याच्या क्षणी गाभ्यात काय चालले होते त्याची छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’ या फोल्डरमध्ये जमा होते. मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘विनडीबीजी’ किंवा त्याहून सोपे ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ यांत ती उघडता येते. इथे एक सावधगिरी हवी. पुष्कळदा यादीत ‘एनटीओएसकेआरएनएल’ हे नाव दिसते आणि लोक विंडोजच बिघडले असा निष्कर्ष काढतात. ती फाइल म्हणजे विंडोजचा गाभाच. गडबड उघडकीला आली तेव्हा काम तिथे चालू होते एवढेच त्यावरून कळते. आधी कोणी चुकीचे लिहिले हे कळायला चार-पाच मिनीडंप एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. प्रत्येकात एकच परके नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर संशय पक्का होतो. प्रत्येक वेळी कोड वेगळा, नाव वेगळे असेल, तर रॅमकडे पाहावे.

ड्रायव्हर की यंत्र

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जाणे नवे नाही. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या कार्यालयात सुताचे बारीक तंतू आणि धूळ संगणकाच्या पंख्यात साचते. तापलेला संगणक स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होतो आणि हा बिघाड वरवर ड्रायव्हरच्या बिघाडासारखाच वाटतो. दोन्ही वेगळे ओळखायच्या काही खुणा आहेत.

निळा पडदा न दाखवता, मिनीडंप न ठेवता संगणक दिवा विझावा तसा बंद पडत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद असेल, तर आधी वीज, यूपीएस, एसएमपीएस आणि पंखे तपासा. ती नोंद फक्त संगणक नीट बंद झाला नाही इतके सांगते. दुपारीच कोसळतो आणि सकाळी नीट चालतो, तर उष्णतेचा संशय घ्या. रॅम तपासायला विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. पेनड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट८६’ त्याहून कसून तपासते आणि ते रात्रभर चालू ठेवणे चांगले. एक जरी चूक निघाली, तर आधी रॅम बदला. डिस्कची प्रकृती दाखवणारी मोफत साधनेही आहेत.

उलट, ठरावीक कृती केली की कोसळतो, जसे की प्रिंट दिली, व्हिडिओ सुरू केला, वाय-फाय जोडले, यूएसबी लावली, तर ड्रायव्हरकडे पाहा. सेफ मोडमध्ये तासन्‌तास चालतो आणि नेहमीच्या रीतीने सुरू केल्यावर कोसळतो, ही सर्वांत बोलकी खूण आहे. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच, मूलभूत ड्रायव्हर उठवते. यंत्र तेच, वीज तीच, हवामान तेच. फरक पडतो तो बाकीच्या ड्रायव्हरचा.

काय बदलले होते?

तपासातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे आणि मार्च २०२१ मध्ये त्याचे उत्तम उदाहरण मिळाले. ९ मार्चला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मासिक अपडेट आले. त्यानंतर जगभर अनेक कार्यालयांत प्रिंट देताच निळा पडदा येऊ लागला. क्योसेरा आणि रिकोचे कार्यालयीन प्रिंटर, तसेच झेब्राचे लेबल छापणारे प्रिंटर यांच्याबाबत तक्रारी होत्या. मालावर बारकोडची लेबले लावणाऱ्या कोणत्याही कारखान्यात सापडतील अशीच ही यंत्रे. प्रिंटर तोच होता, त्याचा ड्रायव्हरही तोच होता. बदल झाला होता विंडोजमध्ये. छापण्याची आज्ञा गाभ्यातल्या रेखाटनाच्या भागात पोहोचली की तिथे गोंधळ होई. मायक्रोसॉफ्टने १५ मार्चला दुरुस्तीचे वेगळे अपडेट दिले.

त्या आठवड्यात ज्यांनी प्रिंटर बदलला त्यांचे पैसे गेले. फॉरमॅट मारणाऱ्यांकडे अपडेट पुन्हा बसताच निळा पडदा परत आला असणार. ज्यांनी “आदल्या दिवशी काय बदलले?” हे पाहिले, त्यांनी अपडेट काढून टाकले आणि काम सुरू ठेवले.

दुरुस्तीचा क्रम

पहिले काम डेटाची प्रत काढण्याचे. हिशेब, डिझाइन, फोटो, जे काही पुन्हा तयार करता येणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. संगणक टिकत नसेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन घ्या. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’वर क्लिक केले की पर्यायांचा पडदा येतो. तिथून ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि शेवटी ४ ही कळ. संगणक सुरू होतानाच वारंवार अडखळत असेल, तर विंडोज काही प्रयत्नांनंतर हा पडदा स्वतःच दाखवते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर इथे रिकव्हरी की मागितली जाते. २०२४ च्या त्या शुक्रवारी ही की हाताशी नसल्यामुळे अनेक कार्यालयांत खोळंबा झाला. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

दुसरे काम संशयित ड्रायव्हर मागे नेण्याचे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या यंत्रावर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘ड्रायव्हर’, मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’. त्यामुळे आधी चालत असलेली आवृत्ती परत येते. ते बटण फिके दिसत असेल, तर जुनी आवृत्ती शिल्लक नाही. अशा वेळी ड्रायव्हर पूर्ण काढून संगणक किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत स्थळावरून, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. लॅपटॉप असेल, तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचा ड्रायव्हर वापरून पाहा. नव्यात नवी आवृत्ती नेहमी उत्तम असतेच असे नाही. जी स्थिर चालते ती तुमच्यासाठी योग्य.

तिसरे, दोष विंडोजच्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ‘अपडेट हिस्टरी’तून ते अपडेट काढता येते. सिस्टिम रिस्टोअर चालू असेल, तर बिघाडाआधीच्या दिवसावर परत जाता येते. त्याने तुमची कागदपत्रे जात नाहीत.

एवढ्याने भागले नाही, तर विंडोजमधले ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ हे साधन आहे. ते मुद्दाम ड्रायव्हरवर ताण आणते, म्हणजे चुकणारा ड्रायव्हर लगेच चुकतो आणि त्याचे नाव कळते. पण त्यामुळे संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. म्हणून रिस्टोअर पॉइंट केल्यावरच, फक्त मायक्रोसॉफ्टबाहेरच्या ड्रायव्हरसाठी, आणि सेफ मोडमधून ते बंद कसे करायचे हे ठाऊक असेल तरच वापरा. जमणार नसेल, तर जाणकारावर सोपवा.

या सगळ्यात एक शिस्त पाळा : एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर, रॅम आणि अपडेट हे सारे एका दुपारी बदलले आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

जुनी यंत्रे, नवे विंडोज

लहान गावांत आणि आपल्यासारख्या मध्यम शहरांत ड्रायव्हरचा त्रास जास्त होण्याचे एक खरे कारण आहे. आपण यंत्रे दीर्घकाळ वापरतो, आणि ते योग्यच आहे. डीटीपीच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी लॉक, डिजिटल सहीचा टोकन, सेवा केंद्रातले ठसे घेणारे यंत्र, वजनकाट्याला जोडणारी सीरिअल केबल, दहा वर्षांचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ही सगळी यंत्रे धडधाकट असतात, पण त्यांचे ड्रायव्हर ज्या विंडोजसाठी लिहिले गेले ते मागे पडलेले असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा प्रश्न आता अधिक जणांसमोर येणार आहे. नवा संगणक घेण्याआधी आपल्या प्रत्येक यंत्राला विंडोज ११ चा ड्रायव्हर मिळतो का, हे तपासा. विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘कोअर आयसोलेशन’च्या पानावर ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू करू पाहिले, तर न जुळणाऱ्या जुन्या ड्रायव्हरची यादी विंडोज स्वतःच दाखवते. आपल्या संगणकात कोणते अवशेष उरले आहेत हे कळायला ती यादी फार उपयोगी पडते. जे यंत्र आता वापरात नाही त्याचा ड्रायव्हर काढून टाका.

“सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करतो” असे सांगणारी सॉफ्टवेअर्स आणि कुठून आले ते माहीत नसलेले ड्रायव्हर पॅक टाळा. गाभ्यात बसणाऱ्या प्रोग्रामला संगणकातले काहीही वाचता येते. २०१० मध्ये उघड झालेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामचे ड्रायव्हर रिअलटेकसारख्या नामांकित कंपनीच्या चोरलेल्या डिजिटल सहीने शिरले होते. अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर टाकणे म्हणजे संपूर्ण संगणक परक्याच्या हाती देणे आहे.

कारण शोधणारा कारागीर

दुरुस्तीच्या व्यवसायातल्या तरुणांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणक दुरुस्तीकडे वळले. १९९० च्या दशकात दुकानात येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्या व्हायरसचा अभ्यास करून ते काढणारे प्रोग्राम लिहिले आणि त्यातून ‘क्विक हील’ उभे राहिले. वरवरची सफाई करून ग्राहकाला परत पाठवणे त्यांनाही सोपे होते. त्यांनी कारण शोधले आणि एका दुरुस्तीच्या दुकानातून शेअर बाजारात नोंदलेली कंपनी घडली.

प्रत्येक दुकानातून कंपनी उभी राहणार नाही. पण प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याला बिलावर एक ओळ लिहिता येईल : संगणक कोणत्या फाइलमुळे कोसळत होता आणि आपण काय बदलले. आणि प्रत्येक ग्राहकाला ती ओळ मागता येईल. फॉरमॅटची वेळ कधी कधी खरोखर येते. व्हायरसने पोखरलेला किंवा डिस्क खराब झालेला संगणक नव्याने उभारावाच लागतो. ती वेळ तपासानंतर यावी. म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी निळा पडदा आला की आधी फोटो काढा, रिलायबिलिटी मॉनिटर उघडा, डेटाची प्रत घ्या, आणि कोणी “फॉरमॅट मारतो” म्हणाले, तर त्याला शांतपणे विचारा : “मिनीडंपमध्ये कोणत्या ड्रायव्हरचं नाव आहे?”